ओपन हाउस, रविवारी दोन ते चार

ओपन हाउस ठेवलं की घर लवकर विकलं जातं का, असं अजूनही लोक मला विचारतात. मी एवढंच सांगते, चहाला मोठं पातेलं काढा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो. नवऱ्याला लांब, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत नोकरी लागली आणि तो पुढे गेला. घर विकलं की मी लेकीला घेऊन जायचं, असं ठरलं. त्याला जाऊन सात महिने झाले, घर आपलं जागच्या जागी. एजंटबाईंनी दोनदा सुचवलं, भाव थोडा उतरवू या. मी म्हटलं, एक डॉलर कमी करणार नाही. किचनच्या टाइल्स मी चार दुकानं पालथी घालून आणल्या होत्या, फुकट वाटायला नाही.

मग बाई म्हणाल्या, रविवारी ओपन हाउस ठेवू, दोन ते चार घर कुणालाही बघायला खुलं. हॉलमधला घरच्यांचा फोटो काढून ठेवा. बुद्धाची मूर्ती राहू द्या, ती छान दिसते.

"किती लोक यायला हवेत?" मी विचारलं.

"जितके जास्त तितकं बरं. घराला मागणी आहे असं दिसलं पाहिजे."

एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं! मी फोनची डायरी उघडली आणि ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी घरांना आमंत्रण दिलं. गर्दी दिसायला हवी, या बरं का!

रविवारी पावणेदोनलाच मूळ नागपूरचे काका-काकू बटाटेवडे घेऊन हजर. अडीचपर्यंत दारात चपला-बुटांचा ढीग लागला. मालकिणीने त्या वेळी बाहेर जायचं असतं, असं बाईंनी बजावलं होतं. घरात पाहुणे आणि घरची बाई रस्त्यावर? शोभतं का ते? मी चहा टाकला. काकांनी सोफा धरला तो सोडलाच नाही. बाई घराच्या माहितीचे कागद घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या हातात कुणीतरी वड्यांची प्लेट दिली.

खरं गिऱ्हाईक एकच आलं, एक तरुण गोरं जोडपं. त्यांनी चपलांचा ढीग बघितला, आत डोकावलं, "सॉरी, तुमच्याकडे पार्टी दिसतेय" म्हणाले आणि मी "अहो, या ना" म्हणेपर्यंत गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

चारला बाईंनी येणाऱ्यांच्या अभिप्रायाचा कागद वाचला. घर कसं वाटलं, यापुढे सगळ्यांनी 'छान' लिहिलं होतं. विकत घ्यायचा विचार आहे का, यापुढे 'आमचं घर आहे'. बाईंनी दोन वडे बांधून घेतले आणि त्या निघाल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. किचनमध्ये बायका कप विसळत खिदळत होत्या.

"आवाज कसला गं एवढा?"

कोण कोण आलंय ते मी सांगितलं. मला वाटलं, आता हा भडकणार. तो एकेकाची चौकशी करत बसला. काकांचा गुडघा कसा आहे, वडे कुणी केले.

"मी आज सकाळपासून कुणाशी बोललोच नव्हतो," तो म्हणाला. "लाँड्रीत बसून मशीनमधले कपडे फिरताना बघत होतो. मलाही बोलवायचंस ना."

मला रडूच फुटलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला. माझ्या हट्टापायी हा माणूस सात महिने तिकडे एकटा पडला होता. "थांब, ठेवू नकोस," म्हणाले आणि अनवाणीच बाहेर धावले. बाई गाडी सुरू करत होत्या. मी काच ठोकली.

"उतरवा भाव," म्हटलं. "तुम्हाला वाटेल तेवढा उतरवा."