इंजिनावरचं घोंगडं

आकाराम शेळके दर खंडेनवमीला लोणंदहून सर्व्हिस मोटारीने साताऱ्याला यायचा. अंबूबाईंच्या ओट्यावर बसायचा, जेवायचा आणि दिवस कलायच्या आत परत जायचा. मी अंबूबाईंचा भाडेकरू. प्राथमिक शाळेत मास्तर असल्यामुळे खोटं बोलणारं पोर मला तोंडावरून कळतं. हा माणूस काहीतरी दडवतोय हे मी पहिल्याच वर्षी, सेहेचाळीस साली ओळखलं. काय दडवतोय ते मात्र साफ चुकीचं ओळखलं. मला वाटलं, लढाईवरून आलाय, पुढंमागं कोणी नाही, बाईंना आई-आई करून घरात शिरायचा बेत असेल.

अंबूबाई एका सुभेदाराची विधवा. एकुलता एक मुलगा नाथाजी लढाईच्या काळात विमान चालवायला शिकला आणि त्रेचाळीस साली सिंधच्या वाळवंटात विमानासकट पडला. आकाराम त्याच्या विमानाचा फिटर. नाथाजी गेल्यावर सुरुवातीला पेन्शनर मंडळी येऊन 'वीरमाता' वगैरे म्हणून, चहा पिऊन गेली. पुढे तीही येईनाशी झाली. वर्षभर बाईंना बोलायला मी एकटा, आणि माझं बोलणं म्हणजे कारल्याची भाजी.

आकाराम आला की बाई ताट वाढायच्या आणि दर वर्षी तेच विचारायच्या.

"घोंगड्याचं सांग की रं."

मग तो सांगायचा. "आवं मावशी, तिथली वाळू म्हंजी निस्तं पीठ. इंजान हवा वडतं, हवेसंगं वाळू बी आत जाती आन् कानशीवानी घासत बसती. नवंकोरं इंजान दोन म्हयन्यांत खुळखुळा. गोऱ्या सायबानं दिल्याली चाळण व्हती तोंडावर, पर बारीक वाळू तिला कुठली जुमानतीया! मग म्या माजं घोंगडं कापलं, तेल पाजलं आन् चाळणीवर बसवलं. समदी वाळू लोकरीला चिकटून ऱ्हायची. दुसरी इमानं दुरुस्तीला पडायची, आपलं मातर उडायचं."

"आन् नाथा काय म्हनला?"

"सायेब हसलं. म्हनलं, आकाराम, माज्या इंजनाला थंडी वाजत व्हती व्हय रं?"

बाई पदर तोंडाला लावून हसायच्या. वर्षभरातलं त्यांचं हसणं तेवढंच. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, बरा गोडबोल्या आहे हा.

सत्तेचाळीस साली शाळेच्या कामाला लोणंदला गेलो, तेव्हा मुद्दाम त्याची चौकशी केली. तो दस्तगीरशेठच्या पिठाच्या गिरणीत इंजिन सांभाळायचा आणि तिथेच पोत्यांच्या थप्पीमागे झोपायचा. इंजिनाच्या तोंडावर त्याने तेलात भिजवलेल्या घोंगडीचा तुकडा डब्यात बसवला होता.

"पीठ उडतं तरी माझं इंजिन बिघडत नाही," दस्तगीरशेठ म्हणाले. "पण माणूस एकलकोंडा, मास्तर. खंडेनवमीला साऱ्या बाजाराची हत्यारं पूजेला लागतात. ह्याचा पाना ह्याच्या खिशात. हातच लावू देत नाही. लोक म्हणतात, फौजेत जाऊन बाटला. कोणी बोलत नाही आता त्याच्याशी."

त्या संध्याकाळी मला त्याची थोडी कीव आली. पण स्वभावाला औषध नाही. संशय काही गेला नाही.

अठ्ठेचाळीसच्या खंडेनवमीला बाईंनी नाथाजीचा फोटो पाटावर मांडला. शेजारी सुभेदारांची तलवार, घरातला विळा, अडकित्ता. आकाराम जेवायला बसला तशा त्या म्हणाल्या, "तुजा पाना दे. नाथाच्या इमानाला लावल्याला पाना. त्याच्या म्होरं मांडू दे."

आकारामचा हात घासावरच थांबला.

"नगं मावशी."

"का रं? देवाचं हाय."

त्याने ताट बाजूला सारलं. आणि चार-पाच वर्षं जे गिळलं होतं ते बोलून टाकलं. मी खिडकीत होतो. बाजूला व्हायला हवं होतं, पण झालो नाही.

त्रेचाळीसच्या खंडेनवमीला, सिंधमध्ये, त्याने घोंगडीची चाळण धुऊन, तेल पाजून परत इंजिनावर बसवली होती. चार नट पान्याने आवळायचे राहिले होते. तेवढ्यात आपल्याकडच्या पोरांनी फिटरांची सगळी हत्यारं गोळा करून पूजेला मांडली. पूजेला लागलेल्या हत्याराला दसऱ्याची आरती होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आपली रीत. आकारामने नट बोटांनी फिरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उड्डाण नव्हतंच. पण दसऱ्याला भल्या सकाळी अचानक हुकूम आला, आणि नाथाजी येऊन उभा राहिला.

"सायबानं इचारलं, तयार हाय का? आरती व्हायची व्हती. पाना कुकवात व्हता. म्या म्हनलं, व्हय सायेब, तयार हाय." आकाराम खाली बघून बोलत होता. "वाटंत वावटळ उठली. चाळण निसटून इंजनाच्या तोंडात गेली आसंल. चौकशीत लिवलं, वाळूच्या वादळानं इंजान गेलं. मला कुनी इचारलंच न्हाई, मावशी. तुमी तरी इचारा."

 बाईंनी त्याचं अर्धं ताट उचललं आणि आत गेल्या.  आकारामने उठून वहाणा पायात घातल्या. मी ज्याला ठग समजत होतो तो माणूस अंगण ओलांडून चालला होता, आणि मला स्वतःची शरम वाटत होती.

"आकाराम." बाई दारात उभ्या होत्या. "ह्या जल्मात माफी न्हाई मिळायची तुला माज्याकडनं."

"व्हय मावशी."

"पर फुडल्या नवमीला ये. तू न्हाई आलास तर नाथाचं कुनासंगं बोलू मी? तिकडं त्याला बगितल्यालं दुसरं मानूस न्हाई मला."

वर्षभर बाई माझ्याशीही फारशा बोलल्या नाहीत. एकोणपन्नासच्या खंडेनवमीला तो येईल असं मला वाटत नव्हतं. मोटारीची वेळ झाली तसा मी उगाच चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. तो आला. बाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"घोंगड्याचं सांग."

त्याने सांगितलं. वाळू, चाळण, तेल. 'थंडी वाजत व्हती व्हय' इथे दर वर्षीसारखा तो थांबला. कोणी हसलं नाही.

"म्होरं सांग," बाई म्हणाल्या. "आता दर वर्सी शेवटापतूर सांगायचं."

आकारामने हातातला घास खाली ठेवला आणि शेवटापर्यंत सांगितलं.