चारचं टपाल

जावककाकांच्या राज्यात ई-मेल दिवसातून दोनदाच सुटायची. सकाळी अकराला आणि दुपारी चारला. अकरा वाजून दोन मिनिटांनी कुणी धापा टाकत आलं आणि "काका, फारच अर्जंट आहे हो" म्हणालं, तर ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, "अर्जंट होतं तर लवकर लिहायचं." झालं, विषय संपला! मग अमेरिकेतलं गिऱ्हाईक जागं असो की झोपलेलं, ते चारपर्यंत थांबायचं.

नारायण पेठेत, एका बाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. एक साहेब, आम्ही पाच पोरंपोरी आणि इंटरनेट असलेला एकच कॉम्प्युटर. सगळ्यांच्या मेल त्याच्यावरच लिहायच्या. बुधवार पेठेतून आणलेला मॉडेम फोनला जोडेपर्यंत त्या तिथेच पडून राहत. काका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढून निवृत्त झालेले. विश्रांतवाडीहून बसने यायचे, घरचा फोन 'जय भीम' म्हणून उचलायचे. साहेबांनी त्यांना खरं तर फोन घ्यायला ठेवलं होतं. पण आठवड्याभरात त्यांनी आमचा इनबॉक्स पाहिला, त्यात दोन वर्षांच्या मेल एकावर एक लोळत होत्या, आणि म्हणाले, "ऑफिस आहे की भंगाराचं दुकान?"

मग काय विचारता! त्यांनी माझ्याकडून फोल्डर करायला शिकून घेतलं आणि पंधरा दिवसांत मीच त्यांना विचारू लागले. तेव्हा मेलमध्ये मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांतच, पण नावं अस्सल: आवक, जावक, प्रलंबित, निकाली. प्रत्येकाच्या पोटात गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर. वजन कमी करण्याच्या औषधाची जाहिरात आली ती त्यांनी 'साहेब – वैयक्तिक' मध्ये घातली. "त्यांच्या उपयोगाची आहे," म्हणाले. 'ही मेल दहा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' अशी एक धमकी आली, तर तिला चारच्या टपालाने उत्तर गेलं: 'आपले पत्र मिळाले. दहा जणांची नावे कळवावीत, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल.'

आणि एक पाचवं फोल्डर होतं, 'तूर्त दप्तरी'. "मंजूर नाही, नामंजूर नाही, त्या कागदाची ही जागा," ते सांगायचे. "सरकार याच्यावरच चालतं."

मॉडेम किंचाळायला लागला की काका खुर्चीतून उठून उभे राहायचे. त्याआधी प्रत्येक मेलचा पत्ता आणि विषय वहीत उतरवलेला असायचा. मेल मात्र कधी उघडायचे नाहीत. "पाकिटावरचं वाचायचं, आतलं नाही," हा त्यांचा धर्म. एकदा मी खूप थट्टा केली तेव्हा शांतपणे म्हणाले, "माझ्या वडिलांना आलेलं पत्र वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. वाचणारा गावभर सांगायचा. म्हणून पत्र ज्याचं त्याचं." त्यानंतर मी त्या वहीची थट्टा केली नाही. उभं राहण्याची मात्र चालू ठेवली.

मी मूळची अमरावतीची. बाबांनी पुण्याला पाठवलं ते एका अटीवर. "नोकरी हाये तवर पुणं. सुटली का त्याच गाडीनं वापस ये." वापस म्हणजे थेट बोहल्यावर, हे न बोलता कळत होतं. मला तर पुणं सोडायचं नव्हतं. इथे माझी कॉट होती, माझी सायकल होती, आणि सहा महिने खपून मी एकटीने लिहिलेला दवाखान्याचा प्रोग्रॅम होता.

एके दिवशी काहीतरी शोधायला मी 'जावक'मधलं दवाखान्याचं फोल्डर उघडलं. इतकं नीटनेटकं लावलेलं, की नको ते पहिल्या झटक्यात सापडलं. साहेबांनी डॉक्टरांना लिहिलं होतं, 'काम नवशिक्या मुलीचं आहे, सांभाळून घ्या.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडेतीन वाजता मी राजीनामा खरडला आणि विषयात मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं. साहेब शेजारच्याच खोलीत होते, पण ऑफिस मॉडर्न असल्यामुळे त्यांना सगळं मेलनेच कळवावं लागे. ती मेल अमेरिकेला वळसा घालून परत यायची आणि काका ती न वाचता छापून, पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवायचे. चारला मॉडेम किंचाळला. काका उभे राहिले. संपलं, गेला राजीनामा!

पुढचे तीन दिवस मी काय मजा केली म्हणून सांगू! साहेब काहीच बोलेनात, तेव्हा त्यांनी गुपचूप मंजूर केला असं मी धरून चालले. मग भीती कसली? मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की तुमच्या त्या हिरव्या स्क्रीनने पेशंट आणखी आजारी पडेल. डॉक्टरांना काय हवंय ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही, हेही सांगितलं. माझा चहाचा मग एकाला देऊन टाकला, उशी दुसरीला. खोलीवर गेल्यावर मात्र बॅग भरताना रडू फुटायचं.

चौथ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "सोमवारी डॉक्टरांना प्रोग्रॅम तूच दाखव. मला इतकं धडाधड सांगता येणार नाही."

"पण सर, माझा तो..."

"मॅडम," काका पलीकडून मोठ्याने खाकरले, "तुमचं एक टपाल राहिलंय. जरा इकडे या."

गेले. 'तूर्त दप्तरी' उघडलेलं होतं, आणि त्यात माझा राजीनामा, जसाच्या तसा.

"गेलाच नाही?"

"विषय पाकिटावरच होता. तेवढं मी वाचतो."

"काका, माझी मेल अडवायचा तुम्हाला अधिकार काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "रागाचा अर्ज तीन दिवस ठेवायचा. चौथ्या दिवशीही मागितला तर पाठवायचा. बोला, पाठवू चारला?"

मी नको म्हटलं. इतक्या जोरात, की खाली बाइंडिंगवाल्याने वर पाहिलं. मग आधी उशी परत मागायला धावले. चहाचा मग मात्र मिळाला नाही.

दोन वर्षांनी कंपनी मोठी झाली, काचेच्या इमारतीत निघाली. प्रत्येकाला आपापला कॉम्प्युटर, चोवीस तास इंटरनेट, मनात येईल तेव्हा मेल. अकरा आणि चार, दोन्ही गेले, आणि त्यांच्याबरोबर काकाही. साहेब थांबा म्हणत होते. काका म्हणाले, "टपालाची वेळच नसेल तर मी उभा कशाला राहू?"

जाताना त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. वहीतल्या कागदावर फोल्डरांची यादी, पुढे आकडे, खाली सहीची जागा. मी न बघता सही करायला लागले, तर म्हणाले, "मोजून घ्या." सगळी मोजली. शेवटी 'तूर्त दप्तरी – दोन'. मला एकच माहीत होतं. दुसऱ्याचा विषय होता 'कर्तव्यात कसूर', पत्ता साहेबांचा. काकांच्यादेखत आतलं उघडायची माझी छाती झाली नाही. सही केली. काकांनी पेनला टोपण लावलं, छत्री घेतली, "येतो पोरी" म्हणाले आणि विश्रांतवाडीच्या बससाठी जिना उतरून गेले.

मग मी ते उघडलं. लिहिलेली वेळ माझ्या राजीनाम्याच्याच दिवशीची, चारला पाच मिनिटं कमी.

'महोदय, आजच्या टपालातील एक पत्र मी माझ्या जबाबदारीवर रोखले आहे. कोणाचे ते सांगता येणार नाही. तीस वर्षांत असे कधी केले नाही. लिहिणाऱ्याने तक्रार केल्यास मला त्याच दिवशी कामावरून कमी करावे.'

माझ्या राजीनाम्याशेजारी त्यांनी स्वतःचा ठेवला होता आणि मी त्यांना अधिकार काय म्हणून विचारलं होतं. मी रिकाम्या ऑफिसात भोकाड पसरून रडले.

आज काका नाहीत. माझे कॉम्प्युटर किती बदलले ते आठवत नाही. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी आधी ते फोल्डर आणते आणि सही केल्यासारखी नीट मोजून घेते. तूर्त दप्तरी, दोन.