पाण्यातली काच आणि वरच्या मजल्यावरच्या मॅडम

पाण्याकडे इतक्या प्रेमानं आणि इतक्या कमी तहानेनं बघणारं माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरं नसेल. पुंडलिकनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, मूळच्या फुलंब्रीकडच्या. दुष्काळाच्या त्या वर्षांत टँकर गल्लीत शिरला की आम्ही ड्रम, घागरी, बादल्या घेऊन धावायचो. मॅडम औषधाची रिकामी बाटली घेऊन उतरायच्या आणि टँकरच्या तळाचा तपकिरी गाळ मागायच्या. टँकरवाले चाचा एकदा शांतपणे म्हणाले, "लोगां पानी को रोरे, मॅडम, और तुम कीचड मांगरे." पुढच्या खेपेपासून मात्र बाटली तेच भरून आणू लागले.

त्या गाळात डायटम असतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं, प्रत्येकाभोवती काचेची नक्षीदार डबी. हे मला ठाऊक, कारण दर रविवारी वर बोलावून सूक्ष्मदर्शकातून ती दाखवणं हाच मॅडमचा पाहुणचार होता. चहा मिळेलच असं नाही. कित्येक रविवार मला माझ्याच पापण्या दिसल्या आणि मी "वा, सुंदर" म्हणत राहिलो. ज्या दिवशी खरंच दिसलं, त्या दिवशी बोलता येईना. होडीच्या आकाराची जाळी, सुईनं टोचावीत तशी रांगेत भोकं. हे कोण कोरतं, मी विचारलं.

"कोरत नाय कुणी," त्या म्हणाल्या. पाण्यात विरघळलेली सिलिका ही पेशी पिते, आतली प्रथिनं तिला धरून धरून बसवतात, इथं थर, तिथं भोक. भट्टी नाही, आग नाही, थंड पाण्यात काच. जातीजातीची नक्षी निराळी, पण पेशी दुभंगली की लेकीला आईचीच.

गारखेड्याच्या पुढं एका तळ्यात त्यांना तरुणपणी एक डायटम दिसला होता, ज्याची नक्षी कुठल्याच पुस्तकात नव्हती. प्रथिनं तपासायची सोय तेव्हा नव्हती. पुष्कळ वर्षांनी बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं जिवंत नमुना आणा म्हणून कळवलं, तेव्हा तळं आटलेलं, आणि काठाला प्लॉटिंगचे खांब लागलेले. मॅडमनी मला स्कूटर काढायला लावली. पदर खोचून भेगाळलेला तळ खुरप्यानं खणला, घरी आणून धुतला आणि संध्याकाळी मला हाक मारली. नक्षी तीच होती. मी अभिनंदन करणार, तोच त्या म्हणाल्या, "घर सापडलं हो. गवंडी गेला."

काच राहते, ती घडवणारी प्रथिनं पेशीबरोबर संपतात. तरी एखादी झोपलेली पेशी उठेल म्हणून उरलेला गाळ बशीत भिजवून त्यांनी कित्येक महिने खिडकीत ठेवला. दुसरं पुष्कळ उगवलं. ते नाही.

पुढं गुडघे थकले आणि भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मागच्या पावसाळ्यात इथं बरा पाऊस झाला, तेव्हा त्यांचा फोन आला. तब्येतपाणी काही नाही, थेट विचारलं, तळ्यात पाणी आलं का. तिथं आता सात मजली इमारत आहे, हे सांगताना मलाच कसंतरी झालं. म्हणून पुढचंही सांगितलं, की खालच्या पार्किंगमध्ये पाणी सारखं झिरपतं आणि पंप लावून उपसतात.

मग त्या हळूच म्हणाल्या, "दोन दिवस उपसू नका म्हणावं त्यांना. एखादी उठेलही."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन वॉचमनला खरंच तसं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली. पंप काही बंद केला नाही. मी उगाच बराच वेळ तिथं बसून राहिलो.