मॅडमनी ‘सज़ा’ असंच लिहिलं होतं

मुजावर मॅडम गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, मेट्रोत उभा असताना. प्राचार्यांनी लिहिलं होतं, ‘श्रीमती ज़रीना मुजावर का आकस्मिक निधन शिक्षा जगत की अपूरणीय क्षति है।’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. दुःख नंतर झालं, आधी माझं डोकं भणाणलं. ज्या माणसानं दोन वर्षांपूर्वी ‘शिक्षा’ या एका शब्दावरून या बाईंना घरी बसवलं, त्यानं तोच शब्द त्यांच्या मयतीवर वाहावा… याला निर्लज्जपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सुचत नाही. पण तो शब्द मुळात त्यांच्या कागदावर आला माझ्यामुळे. हे मी दोन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

मॅडम मूळच्या मिरजेच्या. त्यांचे मिस्टर सलीमभाई केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा जो सक्तीचा पेपर असतो, तो त्या कंत्राटावर शिकवत, दर वर्षी नव्या करारावर सही करून. मी कराडहून दिल्लीला आलेलो, कॉमर्स शिकवणारा, मुनिरक्यात एका खोलीत राहणारा. स्टाफरूममध्ये मी आईशी फोनवर बोलत होतो ते त्यांनी ऐकलं आणि मी फोन ठेवल्यावर समोर डबाच सरकवला. म्हणाल्या, “मॅगीवर किती दिवस काढणार, जाधव? खा. मटकी आहे, उसळ म्हणून बनवलीय, इथले लोक याला कच्ची दाल म्हणतात.” त्या दिवसापासून दुपारचं माझं मराठी आणि माझं जेवण, दोन्ही त्यांच्या टेबलावर.

पहिल्या तासाला त्या शिकवत नसत, नियमांचा एक कागद वाटत. उशीर झाला तर कारण सांगू नका, गुपचूप मागे बसा. पहिला खर्डा हातानंच लिहायचा. ‘आज के आधुनिक युग में’ अशी सुरुवात केलीत तर पुढचं मी वाचणार नाही. दुसऱ्याचं लिखाण ऐकल्यावर आधी काय समजलं ते सांगायचं, काय चुकलं ते नंतर. कागदाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी, मागे हिंदी; कारण वर्गातली निम्मी पोरं हरियाणा-बिहारच्या लहान गावांतली, इंग्रजी कागद बघूनच त्यांची बोबडी वळायची. आणि हिंदी बाजूला सगळ्यात वर एक वाक्य, जे त्यांना सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं: ‘इस क्लास में किसी को सज़ा नहीं मिलेगी।’ चुकायला घाबरणारं पोर लिहीत नाही, नुसतं उतरवून काढतं, असं त्या म्हणत. माझ्या अकाउंटन्सीच्या वर्गात उतरवून काढणाऱ्यांचीच चलती होती, त्यामुळे मला हे लाड वाटायचे.

त्या वर्षी त्यांनी तो कागद टाइप करायला माझ्याकडे दिला. त्यांचा मुलगा तापानं फणफणला होता, सकाळी तास होता. मी आपला शहाणपणा केला. कॉलेजच्या नोटिसा कशा शुद्ध हिंदीत असतात, म्हणून ‘क्लास’चं ‘कक्षा’ केलं, आणि ‘सज़ा’ मला बाजारी वाटला म्हणून तिथे भारदस्त शब्द घातला. मराठी डोक्यातून जो आला तो. ‘इस कक्षा में किसी को शिक्षा नहीं मिलेगी।’ ज्या शहरात शिक्षा विभागाच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, पाट्या पावलोपावली लटकतात, त्या शहरात राहून! मॅडमनी विश्वासानं, न वाचता, ऐंशी प्रती वाटल्या.

तासाभरात फोटो सगळीकडे फिरला. पोरं हसली, त्यात काही नव्हतं, मॅडमही हसल्या. पण प्राचार्यांनी मीटिंग बोलावली आणि कागद हलवत विचारलं, “मुजावर जी, जब शिक्षा ही नहीं देनी, तो वेतन किस बात का?” सगळे हसले. हसणाऱ्यांत असे होते, ज्यांचे अर्ज वर्षानुवर्षं मॅडम दुरुस्त करून देत. मी तोंड उघडणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, “परचा मेरा है, ग़लती भी मेरी है।” बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, “तुझं प्रोबेशन चालू आहे. गप बस.”

आणि मी बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून बसलो, अशी माझी समजूत मी पुढे बरेच दिवस घालत होतो. खोटं आहे ते. मला तेच हवं होतं. नव्या वर्षी त्यांचं कंत्राट आलं नाही. मी कायम झालो. पेढे घेऊन आर. के. पुरमला गेलो तर त्यांनी एक पेढा उचलला, “छान झालं,” म्हणाल्या आणि माझ्या लग्नाचं काय ते विचारलं. एक शब्द त्याबद्दल नाही. त्या भांडल्या असत्या तर किती बरं झालं असतं…

शोकसभेत प्राचार्य बोलले, ज्यांनी दात काढले होते तेही बोलले. सलीमभाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मला ‘दो शब्द’ बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि मॅडम डबा कसा द्यायच्या ते सांगून खाली बसलो. मला स्वतःची किळस आली.

या जुलैत लेखनाचा तो पेपर माझ्या गळ्यात मारला, तास भरायला. ऑफिसनं त्याबरोबर नियमांचा कागद दिला. मॅडमचाच कागद, ओळन् ओळ. फक्त त्यांचं नाव उडवलेलं आणि ‘शिक्षा’च्या जागी ‘दंड’. बाईला काढली, कागद ठेवला! मी स्टाफरूममध्ये बसून एकेका प्रतीवर ‘दंड’ खोडला, ‘सज़ा’ लिहिलं आणि तळाला त्यांचं नाव घातलं. बोटं दुखेपर्यंत.

पहिल्या तासाला कागद वाटले. रोहतकच्या एका मुलीनं तो शेवटपर्यंत वाचला आणि हात वर केला. “सर, ये मुजावर मैम कौन से कमरे में बैठती हैं? मुझे उनसे मिलना था।”

मी म्हणालो, “वो नहीं रहीं। और यहाँ से तो दो साल पहले ही निकाल दी गई थीं। ग़लती मेरी थी, सज़ा उन्हें मिली।”