सातव्या वळणावरचे गादीवाले

१२ जानेवारी २०१४ रोजी आमच्या सायकल क्लबने गादीवाल्यांना २,८५० रुपये दिले. एकोणीस जुन्या गाद्या, प्रत्येकी दीडशे, एका दिवसाचे भाडे. त्याआधी पाच वर्षे ते त्या फुकट आणून बांधत होते. हिशेबात फुकट काही असू नये म्हणून खजिनदार या नात्याने मीच भाडे ठरवले. पावतीवर सही करून त्यांनी खाली लिहिले, 'गाद्या परत मिळाल्या. कोणी पडले नाही.'

शर्यतीशी त्यांचा संबंध अपघातानेच आला. २००८ साली डोंगरमाथ्यावरच्या एका लॉजला सहा गाद्या पोचवायला ते टेम्पो घेऊन निघाले होते. शर्यतीमुळे सातव्या वळणावर त्यांना थांबवून ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत शर्यतीत उतरलेला एक औषध दुकानदार उतारावरून आला, मागचे चाक घसरले आणि तो दगडी कठड्यावर आदळला. गादीवाल्यांनी लॉजची कोरी गादी खाली घालून त्याला तिच्यावर घेतले. तो तीन दिवस जगला.

उतारावर सायकल ताशी सत्तर किलोमीटरने जाते. तेव्हा रस्त्याला टेकलेला असतो तो टायरचा जेमतेम अंगठ्याएवढा भाग. सरळ रस्त्यावर तेवढे पुरते. वळणावर खडी किंवा ओल असली तर पुरत नाही. चढावर माणूस दमतो, उतारावर मरतो. हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही दरवर्षी कठड्याला पांढरा रंग देत होतो आणि काळजी घेतली असे समजत होतो.

दुसऱ्या वर्षी गादीवाले न बोलावता आले आणि कठड्याला सुतळीने गाद्या बांधू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ही शर्यत आहे की शयनगृह?"

"पडणाऱ्याला विचारून सांगतो," गादीवाले म्हणाले आणि गाठ मारत राहिले.

पुढे त्यांना शिट्टी आणि लाल झेंडाही मिळाला. पोरे त्यांना उशीकाका म्हणू लागली. "काका, येतो हं झोपायला," असे कोणी सुरुवातीच्या रेषेवरून ओरडले की ते म्हणत, "ये, पण चादर घरून आण."

त्यांचे दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. निम्म्या जागेत कापूस पिंजायचे यंत्र, उरलेल्या जागेत बायकोचे शिलाई मशीन, वर जायला लाकडी शिडी. कॅलेंडरपासून चहाच्या कपापर्यंत सगळ्यावर कापसाची लव. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत असल्यापासून कॅरिअरला उशा बांधून गिऱ्हाइकांकडे पोचवत असे. त्यातूनच ती शर्यतीत आली. चढावर ती बेताची होती. उतारावर तिला कोणी गाठू शकत नसे. तिच्या ब्रेकचे रबर काढून पाहत गादीवाले बायकोला म्हणत, "लोकांच्या मुली चपला झिजवतात. हिचं रबरसुद्धा झिजत नाही." बाकीच्या मुली टोमणा मारत, "हिला काय, पडली तरी बापाच्या गादीवर."

२०१७ च्या शर्यतीतून पहिल्या तिघींची निवड राज्याच्या संघासाठी होणार होती. मुलगी बावीस वर्षांची होती आणि वयाच्या अटीमुळे संघात जाण्याची ही तिची शेवटची संधी होती. माथ्यावर ती अकराजणींच्या घोळक्यातच होती. पण उतार लागताच सुटली आणि सातव्या वळणाच्या आधी तिने सव्वा मिनिटाची आघाडी घेतली.

तिच्या अर्धा मिनिट आधी फोटोवाल्याची मोटरसायकल त्या वळणावरून गेली आणि जाताना ऑइल सांडत गेली. वळणाच्या आतल्या बाजूला, स्वार जिथून कापून जातात नेमका तिथेच, हातभर रुंदीचा पट्टा. गादीवाल्यांनी तो पाहिला तोवर वरून चाकांचा आवाज येत होता. त्यांनी शिट्टी फुंकली आणि लाल झेंडा वर केला. मुलीने ब्रेक दाबले, एक पाय काढून रस्त्याला लावला आणि चालत्या माणसाच्या वेगाने वळण पार केले. जाताना तिने वडिलांकडे पाहिलेही नाही.

नियम असा की एकदा वर गेलेला लाल झेंडा पंचांची जीप सांगेपर्यंत खाली आणायचा नाही. जीप घोळक्याच्या मागे होती. एकटी स्वार लाल झेंडा पाहून थांबू शकते. घोळक्यात पहिलीने ब्रेक दाबला की दुसरीचे चाक तिच्या चाकाला लागते आणि सगळ्या एकमेकींवर पडतात. नऊ वर्षे त्याच वळणावर उभे राहून गादीवाल्यांना हे पाठ झाले होते. त्यांनी सुरीने एक गादी फाडली, कापूस पट्ट्यावर ओतला, पायाने दाबला, कडेची माती टाकली आणि फाटकी गादी वर आडवी टाकून आतली बाजू बंद केली. मग झेंडा खाली घेतला आणि हाताने बाहेरची बाजू दाखवली. दहाजणी ब्रेकला हात न लावता निघून गेल्या.

सपाटीवर शेवटच्या दोन किलोमीटरांत त्या दहाजणींनी मुलीला गाठले. ती चौथी आली, अर्ध्या चाकाने.

तिने तिथेच लेखी तक्रार दिली. पंच म्हणजे एक निवृत्त व्यायामशिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. टेबलाशी बाई, सेक्रेटरी, मी आणि वेळांचा तक्ता. नियमाप्रमाणे झेंडा चुकून पडला असेल तर लाल इशारा कायम धरायचा आणि त्यामुळे वळणावर गमावलेला वेळ स्वाराला परत द्यायचा. तो दिला तर मुलगी तिसरी येत होती. झेंडा माणसाने उतरवला असेल तर चूक त्या माणसाची, निकाल तोच.

सेक्रेटरींनी गादीवाल्यांना बाजूला घेतले. "वाऱ्याने पडला म्हणा की. कुणाचं काय जातंय? पोरीचं भलं होईल."

"तिसरी आलीय तिचं जाईल की," गादीवाले म्हणाले.

बाईंनी विचारले, "झेंडा कसा खाली आला?"

"मी घेतला."

"वारा होता का?"

"वारा नव्हता, बाई."

बाईंनी निकाल कायम केला आणि नियमाप्रमाणे गादीवाल्यांना एक वर्ष वळणावर उभे राहायला मनाई केली. मुलगी शेजारीच होती. ती म्हणाली, "बाबा, मला झेंडा दाखवलात आणि त्यांना कापूस अंथरलात."

"तू एकटी होतीस. त्या दहा होत्या."

"दहा परक्या."

"पडल्यावर आपल्या-परक्या कळत नाहीत, बाळ."

तिने हेल्मेट काढले आणि सायकल ढकलत पायीच घरी गेली. नंतरचे कित्येक महिने ती वडिलांशी कामापुरते बोलत असे, तेही आईच्या मार्फत. "आई, त्यांना सांग, कापूस संपलाय." आई मशीन न थांबवता म्हणे, "ते बघ, समोरच बसलेत. मी काय टपाल खातं आहे?"

पुढच्या वर्षी नाव देण्याची मुदत संपली, तरी तिचा अर्ज आला नव्हता. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी गादीवाले माझ्याकडे आले. अर्जावर मुलीची सही होती. फी पाचशे आणि उशिराचा दंड अडीचशे, दोन्ही त्यांनी रोख भरले. मी म्हणालो, "दुपारी आणला असता तरी चाललं असतं."

"दुपारपर्यंत तिचं मन बदललं असतं तर?"

फीचे पाचशे मुलीने पहिल्याच महिन्यात त्यांच्या हातावर ठेवले. दंडाचे मागितले तेव्हा म्हणाली, "उशीर रागामुळे झाला, आणि राग तुम्ही आणलात."

"म्हणजे तुझ्या रागाचा दंड मी भरायचा?"

"भरलात की."

ते २५० रुपये तिच्याकडून त्यांना अजून येणे आहेत.