डोक्याची पांढरी, अंगाची गुलाबी

माझ्या धाकट्या जावेची बोटं तेव्हा निळी असायची. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायचा एक कारखाना होता, तिथे ती मशीनवर बसायची. त्या जाड कापडाचा कच्चा रंग बोटांना लागायचा तो कितीही घासा, जायचा नाही. भाकरी थापायला बसली की पिठावर निळसर ठसे उमटायचे. ते ठसे मला अजून दिसतात, पाण्याखालची वस्तू हलताना दिसते ना, तसे.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. अंबरनाथ पूर्वेला आम्ही दोघी जावा एकाच घरात नांदायचो. पोरं मी बघायची, ती कमवायला जायची. दिवसभर मान खाली, त्यामुळे मान, खांदे, कंबर, सगळंच धरायचं तिचं.

कारखान्याची शेठाणी सिंधी होती, मनानं चांगली. चार वाजता चहा आला की ती प्रत्येक मशीनपाशी जायची. "खा ले बेटी, सिर हल्का हो जाएगा," म्हणत हातावर पांढरी गोळी ठेवायची, आणि बायका प्रसादासारखी तोंडात टाकायच्या. घरी आली की मी द्यायची ती गुलाबी. आमची समजूतच तशी होती: पांढरी डोक्याची, गुलाबी अंगाची. नाक्यावरचा किराणावाला सुद्धा पट्टीला कात्री लावताना विचारायचा, "काकू, डोक्याची देऊ की अंगाची?" मी म्हणायची, "दोन्ही दे बाबा, बाईला डोकंही आहे आणि अंगही."

गोळी घेतली की ती भिंतीला टेकून डोळे अर्धे मिटायची. दिवेलागणीची वेळ, केमिकलच्या कारखान्यांकडून येणारा तो गोड-कडू वास, आणि ती हळू आवाजात बोलायची, "ताई, उतरतंय बघा. खांद्यावरची गोणी कोणीतरी उचलतंय." ते ऐकताना माझ्याच अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं. आपल्या हातून कुणाचं दुखणं जातंय, याचं फार सुख असतं हो. त्या सुखात मी एकीच्या दोन केल्या, मग निघतानाही दोन, झोपतानाही दोन. कारखान्यात ती किती घेते, हे मी कधी विचारलं नाही.

दिवाळीआधी माल निघायची घाई लागली तेव्हा तिचं जेवण सुटलं. नुसता चहा आणि गोळी. मग उलट्या सुरू झाल्या, उजव्या कुशीत बरगडीखाली दुखायला लागलं, आणि एका सकाळी अंगणात उन्हात उभी राहिली तर डोळे हळदीसारखे.

"कावीळ," शेजारीण म्हणाली. "वांगणीजवळ एक आजोबा माळ देतात."

गेलो. भातकापणी झालेली शेतं, मधून पायवाट, आणि ती माझ्या खांद्याला धरून झोपेत असल्यासारखी चालत होती. आजोबांनी बारीक काड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाईल, म्हणाले. पथ्य सांगितलं: तेल नाही, तिखट नाही, दुसरं कसलंही औषध नाही.

मी पथ्य अगदी काटेकोर पाळलं. डॉक्टरकडे नेलं नाही, काढा दिला नाही. आणि अंग ठणकतं म्हणाली की गुलाबी गोळी देत राहिले. गोळी म्हणजे औषध, हे माझ्या डोक्यातच नव्हतं! औषध बाटलीतून यायचं, डॉक्टर लिहून द्यायचा. गोळी आपली घरातली होती, मीठ-साखरेसारखी.

माळ खरंच लांबली. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. "बघ गं, उतरतेय!" मी म्हणत होते. काड्या वाळल्या की माळ सैल पडते, हे मला फार नंतर कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "ताई, ते मशीन बंद करा ना, किती आवाज." घरात मशीन नव्हतंच. मी तिचा चेहरा हातात धरला तर माझ्याकडे बघून हसली, पण मी कोण ते तिला उमगेना. दिरांना आणि ह्यांना बोलावलं आणि रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

"कुठलं औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

दीर म्हणाले, "छे हो साहेब, औषधाला शिवतसुद्धा नाही ती."

डॉक्टरांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. "शिवणकाम करतात? मग मान दुखली की काय करतात?"

"गोळी घेते," दीर सहज बोलून गेले.

"किती?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलले तर सगळं माझ्यावर येणार होतं, आणि न बोलले तर ती जाणार होती. "घरी मीच देते," मी म्हणाले. "सहा तरी. आजसुद्धा दिल्या. कारखान्यातल्या वेगळ्या. पण साहेब, डोक्याची वेगळी आणि अंगाची वेगळी."

माझ्या पिशवीत दोन्ही पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी त्या उलटवून मागची बारीक अक्षरं दाखवली. "वाचा." मी अडखळत वाचलं. दोन्हीकडे औषधाचं एकच नाव.

"कपडे वेगळे, बाई आत एकच," ते म्हणाले. "लिव्हरला इतकं झेपत नाही. आधी या बंद. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि मला सांगितलंत तेच तिथे सांगा. दोन दिवस मी काही शब्द देत नाही."

ते दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. पांढऱ्या चादरी, सलाईनचा थेंब, आणि तिच्या बोटांचा निळा रंग फिकट होताना बघणं. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "ताई, पोरं जेवली का?" मी वऱ्हांड्यात जाऊन रडले. मग आत येऊन तिला सगळं सांगितलं. माझ्याच हातानं झालं, असं सांगितलं.

"मागत मीच होते ना," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी आल्यावर महिनाभरानं तिची मान परत धरली. "ताई, एकच द्या." मी नाही म्हटलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही." ती चिडली, "दुखतंय मला, तुम्हाला नाही!" खरंच होतं ते. मी कापडाची पुरचुंडी तव्यावर गरम केली, मानेवर धरली, गार झाली की पुन्हा गरम केली. बऱ्याच वेळानं तिचा श्वास संथ झाला. मी हात काढला नाही. दुखणं गेलं होतं की ती नुसती थकून झोपली होती, कोण जाणे.