खाली बसून कुस्ती मारणारा सखाराम

मनमाडला मोठी गाडी सोडली आणि निजामाच्या लहान रुळांवरच्या गाडीत बसलो. मला कुस्तीचा भारी नाद, अंगात ताकद मात्र बेताचीच. अंबडच्या देवीच्या जत्रेत एक पैलवान आपण होऊन खाली बसतो आणि तिथूनच कुस्ती मारतो, असं नाशकात ऐकलं होतं. खाली बसतो म्हणजे हातागुडघ्यांवर, समोरच्याला पाठीवर घेऊन. आमच्याकडे असा बसतो तो हरायला आलेला गडी. हा तिथून जिंकतो कसा, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

जालन्याच्या स्टेशनावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी वळकटी उलगडली. आतला लंगोट बघून त्याने एकवार माझ्या पोटाकडे पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागे एका बोळात तालीम होती. उस्ताद करीमभाई पांढऱ्या दाढीचे, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. मी ज्याला पाहायला आलो तो सखाराम त्यांचाच शागीर्द (शिष्य), टेंभुर्णीच्या शेतकरी घरातला. पाहून माझी निराशाच झाली. इतका सडसडीत गडी कुस्ती काय मारणार?

मी प्रश्न विचारत सुटलो, तेव्हा उस्तादांनी मला सरळ मातीत उतरवलं. सखाराम हातागुडघ्यांवर बसला. त्याला उलथून पाठीवर पाडायचं, एवढंच माझं काम. मी कमरेला मिठी घातली, ओढलं, रेटलं. त्याची कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मान आत. हात घालायला कुठे फट म्हणून नाही. मला धाप लागली. तेवढ्यात त्याचं डावं कोपर जरासं सैल पडलेलं दिसलं. मी आनंदाने हात आत घातला. पुढे दिसलं ते तालमीचं आढं, आणि छातीवर सखाराम.

"साहेब, ती जागा त्यानंच दिल्ती," उस्ताद म्हणाले. "आधी सगळं बंद ठेवायचं. वरचा दमून राह्यला की मंग एकच दार उघडायचं. हात बराबर तिथंच येतो."

पण मुळात खाली जायचंच कशाला, असं मी अंगावरची माती झटकत विचारलं. त्यावर ते म्हणाले, उभ्याने लढलं की वजन बोलतं, आणि ह्याच्याकडे ते नाही. खाली ह्याला जमिनीचा आधार असतो. वरच्याला स्वतःलाही सावरायचं असतं आणि ह्यालाही उलथायचं असतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. सखाराम हात धुवायला उठला तेव्हा उस्तादांनी खरी गोष्ट सांगितली. सखारामचे वडील आबा गावातले मानाचे शेतकरी. आपला मुलगा चारचौघांत जनावरासारखा चार पायांवर बसतो, ह्याची त्यांना लाज वाटे. अंबडला जर तू खाली बसलास तर लंगोट खुंटीला टांग आणि नांगर धर, असं त्यांनी बजावलं होतं. आणि खाली बसलाच, तर सखाराम बापाचा तो शब्द पाळणार होता.

"त्यांनी पोराची कुस्ती पुरी कधी बघितलीच न्हाई," उस्ताद म्हणाले. "पोरगा खाली बसला की हे उठून बैलांपाशी जातात. तुम्ही पाहुणे आहात. बाजूला बसा आणि त्यांना उठू देऊ नका."

अंबडला बैलगाडीने गेलो. रस्त्यात एक चाक खड्ड्यात अडकलं, आम्ही सगळ्यांनी रेटून ते काढलं. फडाभोवती ही गर्दी. आबा ताठ बसलेले, फेटा कडक. मी शेजारी जाऊन बसलो आणि ओळख करून घेतली.

सखारामचा जोडीदार परभणीकडचा, चांगला दीडपट. वडिलांचा मान राखायला सखाराम बराच वेळ उभ्यानेच लढला आणि मार खात राहिला. दोनदा उचलला गेला, दोनदा कसाबसा निसटला. शेवटी त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि खाली बसला. लोक हुर्यो करू लागले. आबा उठले.

मी त्यांचं मनगट धरलं. पाहुण्याचा हात झिडकारणं त्यांच्या रीतीत बसेना, म्हणून ते रागाने खाली बसले. मी म्हणालो, आबा, तोंडाकडे बघू नका, कोपराकडे बघा. परभणीकर वरून रेटत होता, फिरत होता, घामाने निथळत होता. सखाराम गप्प. मग त्याचं डावं कोपर सुटलं.

"गेला," आबा पुटपुटले.

"गेला नाही, त्यानं दार उघडलंय," मी म्हणालो. मलाही खात्री कुठे होती?

परभणीकराचा हात आत गेला. सखारामने तो काखेत दाबला आणि त्याच हातावरून अख्खा गडी स्वतःवरून पलीकडे घेतला. दोन्ही खांदे मातीला लागले. फडात एकच गिल्ला झाला. आबा मात्र बसूनच होते. मी मनगट सोडलं तरी त्यांना कळलं नाही.

लंगोटाचा विषय रात्रभर कुणी काढला नाही. सकाळी परतताना आबा आमच्याच गाडीत, बापलेक एक पुढे, एक मागे तोंड करून बसलेले. वाटेत लिंबाखाली बैल सोडले. आबांनी फेटा उतरवून गाडीच्या दांडीवर ठेवला, धोतर खोचलं, आणि तो मानाचा म्हातारा आम्हा सगळ्यांसमोर धुळीत हातागुडघ्यांवर बसला.

"वर ये," ते म्हणाले. "दाव मला, कसं करून राह्यला व्हतास ते."

सखाराम जागीच खिळला. बापाच्या अंगावर भार टाकायचा म्हणजे काय ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. उस्तादांनी मान फिरवली.

नाशकाला आल्यापासून दोस्तमंडळी मला तो डाव विचारतात. मी हौसेने सांगतो, कोपर, काख, सगळं. लिंबाखालचं मात्र सांगायला गेलो की मी विषय बदलतो. इथे लिहून टाकतो. सखाराम आधी मागच्या बाजूला गेला, आबांच्या पावलांना हात लावून पाया पडला, आणि मग त्याने त्यांच्या कमरेला मिठी घातली.